‘मोडेम सापडला नाही’ : एका संगणकातील दोन व्यवस्था आणि बीडपर्यंतची तार

१/
सन २००० च्या आसपासचा एक संगणक डोळ्यांसमोर आणावा. पेटी एक, पडदा एक, कळफलक एक. पण सुरू होताच तो विचारतो : आज विंडोज की लिनक्स? विंडोज निवडले की आतला मोडेम जागा होतो, क्रमांक फिरवतो, शिट्टी आणि खरखर ऐकू येते आणि इंटरनेट जोडले जाते. तोच संगणक पुन्हा सुरू करून लिनक्समध्ये नेला की उत्तर मिळते : मोडेम सापडला नाही. कार्ड तेच, खाच तीच, भिंतीतून आलेली तारही तीच. मग दहा मिनिटांत मोडेम गेला कुठे? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे तारयंत्रणेचा, बाजारपेठेचा आणि ज्ञानाच्या मालकीचा मोठा इतिहास दडलेला आहे. #थ्रेड #इतिहास #मराठवाडा

२/
प्रथम मोडेमविषयी. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली; सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांना तिच्यात वाट. संगणकाला मात्र शून्य आणि एक एवढेच ठाऊक. त्या शून्य-एकांचे सुरांत रूपांतर करायचे आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे मोडेमचे काम. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या सांध्यातून त्याचे नाव घडले. जोडणीच्या वेळी ऐकू येणारी ती प्रसिद्ध खरखर म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांची कुवत जोखून बोलण्याचा वेग ठरवणे होय.

३/
१९८१ मध्ये अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ आणला. त्याचा वेग सेकंदाला अवघा ३०० बिट. पण त्याने आणलेली आज्ञांची भाषा दीर्घायुषी ठरली. प्रत्येक आज्ञा ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होई. ‘एटी-झेड’ म्हटले की मोडेम पूर्वस्थितीत येई, ‘एटी-डी-टी’ म्हणून क्रमांक दिला की तो फिरवी. ही भाषा समजून घेणारा छोटा नियंत्रक मोडेमच्याच पोटात असे. त्यामुळे संगणक कोणत्या कंपनीचा आणि त्यावर कोणती व्यवस्था, याच्याशी मोडेमला कर्तव्य नसे. सिरियल पोर्टमधून अक्षरे पाठवता आली की काम झाले. इतर उत्पादकांनीही हेच व्याकरण उचलले आणि ते सर्वांचे झाले.

४/
भारतात त्या काळी अडचण मोडेमच्या आधीच सुरू होई : तारेच्या दुसऱ्या टोकाला, एक्स्चेंजमध्ये. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित डिजिटल एक्स्चेंज घडवले. वातानुकूलनाविना, उन्हाळ्यात आणि धुळीत चालावे अशी त्याची रचना होती. अशा पहिल्या एक्स्चेंजांपैकी एक १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. मोडेमच्या इतिहासात या घटनेला स्थान आहे. १९९८ मध्ये प्रमाणित झालेला ५६ किलोबिटचा ‘व्ही-९०’ वेग इंटरनेट पुरवठादाराच्या बाजूची जोडणी डिजिटल असेल तरच साधत असे. खडखडणाऱ्या जुन्या एक्स्चेंजवर तो स्वप्नवतच होता.

५/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. प्रारंभ मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत, वेग ९.६ किलोबिट. योगायोग असा, की नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. महानगरातील ग्राहकाला स्थानिक दराने फोन लावता येई. बीडच्या ग्राहकाला मात्र इंटरनेट म्हणजे मुंबईला किंवा पुण्याला केलेला एसटीडी कॉल. वृत्तपत्रांत ‘जग जवळ आले’ असे छापून येत होते, तेव्हा बीडसाठी ते जग मीटरच्या प्रत्येक टिचकीवर पैसे मोजायला लावत होते.

६/
बीडचे भौगोलिक स्थान येथे ध्यानात घ्यावे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परळी वैजनाथला रेल्वे होती, पण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला पहिली रेल्वे पाहण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ ची, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची, वाट पाहावी लागली. सरकारी कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ उपग्रहाद्वारे जिल्हा मुख्यालयांना जोडत होते. ती वाट कचेरीपुरती होती. सामान्य घरासाठी, विद्यार्थ्यासाठी, दुकानदारासाठी जगाकडे जाणारी वाट एकच : ०२४४२ या एसटीडी संकेताखालची तांब्याची तार.

७/
नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारचे नवे इंटरनेट धोरण आले आणि विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आले. त्याची ‘संचारनेट’ सेवा १७२ ने सुरू होणारा क्रमांक फिरवून मिळू लागली आणि पुढील काळात जिल्ह्याच्या ठिकाणांहून स्थानिक दराने इंटरनेट जोडणे शक्य झाले. एसटीडीचा अडसर दूर झाला. आता बीडचे घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये उरली ती एकच वस्तू : संगणकातील मोडेम. आणि नेमक्या त्याच वर्षांत मोडेमच्या पोटात एक मोठा बदल होऊन गेला होता.

८/
त्या बदलाकडे वळण्यापूर्वी संगणकातील दुसऱ्या व्यवस्थेची ओळख. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स. ती फुकट उतरवून घेता येत असली तरी मोडेमवरून शेकडो मेगाबाइट उतरवायला दिवसच्या दिवस लागले असते. भारतात ती मुख्यतः सीडीवरून पसरली. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ मध्ये आपल्या सीडीवर लिनक्स दिले आणि पुढे रेडहॅटवर आधारलेल्या स्वतःच्या आवृत्त्याही वाटल्या. जेथे तार अपुरी तेथे टपाल धावून आले. मासिक पोहोचेल तेथे लिनक्स पोहोचले.

९/
लिनक्स वापरून पाहायचे म्हणून विंडोज कोणी पुसून टाकत नसे. घरातील इतरांची कामे, खेळ आणि मराठी टंकलेखनाचे फाँट सारे विंडोजवर होते. म्हणून एका हार्ड डिस्कचे भाग पाडून दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी नांदवल्या जात. सुरुवातीला ‘लिलो’ नावाचा छोटा प्रोग्राम द्वारपालासारखा उभा राहून कोणाला आत सोडायचे ते विचारी. विंडोज पुन्हा बसवले की ते या द्वारपालाला न विचारता हाकलून स्वतः दारात उभे राही आणि लिनक्सचा भाग डिस्कवर असूनही अदृश्य होई. ‘असूनही न दिसणे’ हा या साऱ्या काळाचा स्थायिभाव आहे.

१०/
आता मूळ प्रश्न. लिनक्सला मोडेम न सापडण्याची कारणे एकाखाली एक अशा थरांत होती. पहिला थर पत्त्यांचा. सिरियल पोर्टना विंडोज कॉम-१ ते कॉम-४ म्हणे, तर लिनक्स त्यांनाच टीटीवाय-एस-० ते टीटीवाय-एस-३ म्हणे. एक मोजणी एकापासून, दुसरी शून्यापासून; त्यामुळे विंडोजचा कॉम-३ हा लिनक्सचा एस-२. अनेक नवशिके येथेच चुकत. शिवाय कॉम-१ व कॉम-३ प्रोसेसरला हाक मारण्यासाठी परंपरेने एकच ओळ वापरीत, क्रमांक ४ ची. कॉम-२ व कॉम-४ यांची ओळ क्रमांक ३. माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर असला, की माउस हलवताच जोडणी अडखळण्याचा संभव असे.

११/
दुसरा थर ‘प्लग अँड प्ले’चा. जुन्या कार्डावर जंपर नावाच्या बारीक टोप्या असत; त्या हलवून पत्ता हाताने ठरवावा लागे. १९९३ नंतरच्या कार्डांचा पत्ता सॉफ्टवेअर ठरवू लागले. पण कोणते सॉफ्टवेअर? बायॉसमध्ये एक प्रश्न असे : ‘प्लग अँड प्ले जाणणारी व्यवस्था बसवली आहे का?’ उत्तर ‘होय’ असेल तर बायॉस बरीचशी कार्डे न जागवता सोडून देई. ते काम विंडोज करील असा त्याचा विश्वास. लिनक्सची त्या काळची कर्नल मात्र ते काम स्वतः होऊन करत नसे. परिणामी कार्ड झोपलेलेच राही. अनेकदा बायॉसमधील ते एक ‘होय’ पुसून ‘नाही’ केले की मोडेम सापडे.

१२/
यातूनच एक विलक्षण प्रकार घडे. संगणक थेट लिनक्समध्ये सुरू केला तर मोडेम नाही; आधी विंडोजमध्ये जाऊन, वीज न तोडता, पुन्हा लिनक्समध्ये आले तर मोडेम हजर! यात चमत्कार काही नव्हता. विंडोजने कार्डाला पत्ता देऊन जागे केलेले असे आणि वीज चालू असेपर्यंत कार्ड तो पत्ता विसरत नसे. डॉसमधून थेट लिनक्स सुरू करणारा ‘लोडलिन’ हा प्रोग्राम काही जण याच कारणासाठी वापरीत. एका व्यवस्थेने उठवून ठेवलेल्या यंत्राकडून दुसरीने काम करून घ्यावे, असा हा मामला होता.

१३/
हे दोन थर खरवडले की खाली तिसरा, सर्वांत कठीण थर लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेंटियम प्रोसेसर इतके वेगवान झाले, की मोडेममधील महागड्या चिपा काढून त्यांचे गणित प्रोसेसरकडूनच करून घ्यावे असा विचार उत्पादकांनी केला. यू. एस. रोबोटिक्स कंपनीने आपल्या अशा मोडेमला ‘विनमोडेम’ म्हटले. ते व्यापारी नाव पुढे साऱ्या जातीचेच नाव झाले. कार्ड स्वस्त झाले आणि कमी किमतीच्या संगणकात मोडेम आपोआप येऊ लागला. पुढे तर तो मदरबोर्डवरच्या छोट्या पट्टीत सामावला.

१४/
या जातीतही दोन पोटजाती होत्या. पहिलीत सुरांचे गणित करणारी चिप कार्डावर शिल्लक असे, मात्र ‘एटी’ आज्ञा समजणारा नियंत्रक काढून टाकलेला. ल्यूसेंटचे अनेक मोडेम या प्रकारचे. दुसरीत जवळजवळ सारेच काम सॉफ्टवेअरवर ढकललेले. कार्डावर उरे तो केवळ तारेला जोडणारा भाग. पीसीटेल, स्मार्टलिंक, मोटोरोला यांचे मोडेम आणि कोनेक्संटची ‘एचएसएफ’ मालिका या गटात मोडत. अशा वस्तूला मोडेम म्हणावे की मोडेमचे जोडणीटोक, हा वाद त्या काळी लिनक्सच्या वापरकर्त्यांत गंभीरपणे चाले.

१५/
येथे एक मोठा भ्रम उघड होतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असा मोडेम ‘कॉम-३’ वर बसलेला दिसे. वापरकर्ता तो आकडा वहीत उतरवून घेई, लिनक्समध्ये येऊन टीटीवाय-एस-२ ला हाक मारी आणि उत्तर न आल्याने बुचकळ्यात पडे. पण तो कॉम-३ हार्डवेअरमध्ये नव्हताच! विंडोजच्या ड्रायव्हरने जुन्या प्रोग्रामांच्या समाधानासाठी उभा केलेला तो देखावा होता. ड्रायव्हर गेला की देखावा गेला. लिनक्सला मोडेम ‘सापडत’ नव्हता, कारण ज्या जागी तो शोधला जात होता तेथे तो कधीच नव्हता.

१६/
मग लिनक्ससाठी ड्रायव्हर का लिहिला गेला नाही? लिहायला माणसे तयार होती, माहिती नव्हती. चिपला कोणत्या आज्ञा द्यायच्या, तिच्या कोणत्या खणात काय ठेवायचे, हे उत्पादक उघड करीत नव्हते. सुरांचे गणित हीच आता विक्रीची खरी वस्तू झाली होती. त्यावर पेटंटे होती आणि स्पर्धकांची धास्ती होती. पूर्वी हे ज्ञान सिलिकॉनमध्ये कोरलेले असल्याने चिपबरोबर आपोआप ग्राहकाच्या हाती पडे. आता ते सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि सॉफ्टवेअर एकाच व्यवस्थेसाठी दिले गेले. ग्राहकाने यंत्र विकत घेतले होते. त्या यंत्राशी बोलण्याची भाषा मात्र त्याला विकलेली नव्हती.

१७/
मराठवाड्याच्या वाचकाला याचे मर्म एका जुन्या उदाहरणावरून चटकन कळेल. मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या मुलखातून जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास मीटरगेजवर सुरू झाली. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. डबा धडधाकट, इंजिन धडधाकट, रूळही धडधाकट. तरी मनमाडला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. रुंदीकरणासाठी मराठवाड्याने दीर्घ काळ मागणी लावून धरली आणि १९९० च्या दशकात ते काम पुढे सरकले. विनमोडेमची गोष्ट हीच : दोष यंत्रात नव्हता, दोन रुळांच्या अंतरात होता. फरक एवढाच, की रुळांचे अंतर कोणालाही टेपने मोजता येत होते. चिपचे मोजमाप कुलपात होते.

१८/
आता हा संगणक पुन्हा बीडमध्ये आणून ठेवावा. अडचणीचे उत्तर इंटरनेटवर आहे. इंटरनेटपर्यंत नेणारा मोडेम लिनक्समध्ये चालत नाही. म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. मार्ग एकच : पडद्यावरील चुकीचा संदेश कागदावर अक्षरशः उतरवून घ्यायचा, संगणक विंडोजमध्ये न्यायचा, फोन लावायचा, शोध घ्यायचा, फाइल उतरवायची, फोन तोडायचा, पुन्हा लिनक्समध्ये यायचे. नवी चूक दिसली की पुन्हा कागद. प्रत्येक फेरीत कॉलचे मीटर पुढे सरके आणि तेवढा वेळ घरचा फोन लागत नसे.

१९/
या फेऱ्यांत एक सोय मात्र होती. लिनक्सला विंडोजचा डिस्कवरील भाग वाचता येत असे. त्यामुळे विंडोजमध्ये उतरवलेली फाइल फ्लॉपीवर न घेताही लिनक्समधून उचलता येई. उलट दिशेने वाट बंद होती. विंडोजला लिनक्सचा भाग आपण होऊन ओळखता येत नसे. एका व्यवस्थेची रचना अभ्यासून दुसरीने ती वाचायला शिकून घेतले होते, तर दुसऱ्या बाजूला त्याची गरजच वाटली नव्हती. फाइलच्या बाबतीत जे साधले ते मोडेमच्या बाबतीत का साधत नव्हते, याचे उत्तर यात आहे. डिस्कची मांडणी निरखून उलगडता आली. सुरांचे बंदिस्त गणित उलगडणे कित्येक पटींनी अवघड होते.

२०/
अनुभवातून शोधाची एक शिस्त तयार झाली. पहिला नियम : खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नये. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या खोक्यात निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या चिपा निघत. दुसरा नियम : चिपची खरी ओळख विचारावी. पीसीआय कार्डात उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक कोरलेला असतो. लिनक्समधील ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा तो वाचून दाखवते. ‘११सी१’ दिसले तर ल्यूसेंट, ‘१४एफ१’ दिसले तर कोनेक्संट. म्हणजे ‘सापडला नाही’ असे सांगणाऱ्या लिनक्सला कार्ड दिसत होते, त्याचे कूळही कळत होते. फक्त बोलता येत नव्हते.

२१/
तिसरा नियम : कूळ कळल्यावर वाट ठरवावी. खरा हार्डवेअर मोडेम असेल तर पत्ता व ओळ ‘सेटसिरियल’ या आज्ञेने नोंदवली की काम भागे. कधी अडथळा परवानगीचा असे. सामान्य वापरकर्त्याला त्या पोर्टवर लिहिण्याचा अधिकारच नसे. कधी मोडेम सापडूनही ‘डायलटोन नाही’ अशी तक्रार करी. भारतीय डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झच्या हेलकाव्यासह येणारा. अमेरिकी डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या जोडीचा. आपला परिचित सूर न आल्याने मोडेम अडून बसे. ‘एटी-एक्स-३’ ही आज्ञा त्याला सांगे : सुराची वाट पाहू नकोस, क्रमांक फिरव. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्सने, ‘एटी-डी-पी’ म्हणून, क्रमांक फिरवावा लागे.

२२/
बंद कुलपांवर जगभर हातोडे पडू लागले होते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने लिनक्ससाठी मुक्त सॉफ्टवेअर-मोडेम लिहून दाखवला. पुढे एफएफएमपेग आणि क्यूएमू ही प्रसिद्ध साधने घडवणारे तेच. ‘लिनमोडेम्स’ या नावाखाली स्वयंसेवक एकत्र आले. कोणत्या क्रमांकाच्या चिपला कोणता ड्रायव्हर चालतो याची नोंद ते ठेवत आणि संगणकातील मोडेमची कुंडली काढून देणारा ‘स्कॅनमोडेम’ हा छोटा प्रोग्राम वाटत. अहवाल पाठवणाऱ्या प्रत्येक अनोळखी वापरकर्त्याने या ज्ञानात एक ओळ जोडली. उत्पादकांनी जे सांगितले नाही ते वापरकर्त्यांनी एकमेकांना सांगितले.

२३/
काही उत्पादकांनी दार अर्धे उघडले. ल्यूसेंटच्या मोडेमचा ड्रायव्हर असा मिळे, की त्याचा गाभा बंद आणि भोवतीचे कवच तेवढे खुले. लिनक्सची कर्नल बदलली की कवच पुन्हा जुळवावे लागे. जानेवारी १९९९ ची २.२, जानेवारी २००१ ची २.४, डिसेंबर २००३ ची २.६ अशा प्रत्येक टप्प्यावर नवी खटपट. कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्संट या कंपनीचा ड्रायव्हर आला; त्याची विनामूल्य आवृत्ती १४.४ किलोबिटवर थांबे आणि पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत. ५६ किलोबिटचा मोडेम विकत घेतलेल्याला तो वेग दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागे.

२४/
ज्यांना परवडे त्यांच्यासाठी सोपा उपाय होता : पेटीबाहेर ठेवायचा, सिरियल पोर्टला जोडायचा जुन्या वळणाचा मोडेम. त्यात नियंत्रकही होता आणि सुरांची चिपही. १९८१ ची ‘एटी’ भाषा तो दोन्ही व्यवस्थांशी सारखीच बोले. पण तो महाग. येथे या इतिहासाची खरी कळ आहे. स्वस्त संगणक घेणाऱ्याच्याच वाट्याला विनमोडेम येई, आणि पर्यायी व्यवस्था शिकण्याची वाट त्याच्यासाठीच बंद होई. पुण्या-मुंबईत लिनक्स वापरकर्त्यांचे गट होते, मोडेमशिवाय चालणारी महाविद्यालयांची जाळी होती. लहान शहरातल्या विद्यार्थ्याजवळ कार्ड, तार आणि कागदावर उतरवलेले चुकीचे संदेश एवढेच भांडवल होते.

२५/
जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने ‘डेटावन’ ब्रॉडबँड सुरू केले. नवा मोडेम स्वतंत्र पेटीत आला. संगणकाशी तो इथरनेट या खुल्या, सर्वज्ञात भाषेत बोले. मग पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, याने काहीच बिघडत नसे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मार्टमोडेमची रीतच जणू परत आली आणि मोडेम न सापडण्याची व्याधी पाहता पाहता ओसरली. पुढे यूएसबी डाँगल आले तेव्हा ती क्षणभर डोकावली. विंडोजच्या सोयीसाठी कित्येक डाँगल आधी आपण सीडी असल्याचे सोंग घेत. लिनक्समध्ये त्यांचे सोंग उतरवायला ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचे साधन लिहावे लागले.

२६/
बीड जिल्ह्याच्या इतिहासात या गोष्टीशी नाते सांगणारे एक जुने पान आहे. परंपरा आद्यकवी मुकुंदराजांचे नाव अंबाजोगाईशी जोडते. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. संस्कृतात असलेला वेदान्त त्यांनी लोकांच्या मराठीत आणला. विचार आधीही होता, ऐकणारेही होते. मधली भाषा तेवढी मोजक्यांच्या हाती होती. आठशे वर्षांनंतरच्या चिपेची आणि वेदान्ताची तुलना येथे अभिप्रेत नाही. पण ज्ञान अस्तित्वात असणे आणि ते पोहोचणे यांत किती अंतर पडू शकते, हे दोन्हींकडे सारखेच दिसते.

२७/
‘मोडेम सापडला नाही’ हे वाक्य म्हणूनच नीट वाचावे. ते यंत्राविषयी बोलत असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते सांगते की या यंत्राविषयीची माहिती येथवर पोहोचलेली नाही. ज्यांनी कागदावर चुका उतरवून, रात्री-बेरात्री विंडोज-लिनक्सच्या फेऱ्या मारून ती माहिती मिळवली, त्यांना मोडेमबरोबर आणखी एक गोष्ट सापडली : पडद्यावर दिसते ते नाव आणि आत असते ती वस्तू, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तार आता तांब्याची राहिलेली नाही, मोडेमची खरखरही विरून गेली. यंत्र विकत घेताना त्याच्याशी बोलण्याची भाषा हाती येते की नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या फोनबरोबर आजही घरात येतो. (समाप्त)